मालाची ओळख चित्रातून : समाजमाध्यमांवरील प्रोफाइल फोटो व कव्हर फोटो कसे तयार करावेत?

शेतमाल पिकविणे व तो योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्या कामात सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी कोणासही हार जाणार नाहीत. दुसऱ्या कामात मात्र आजवर बहुतेकांना व्यापारी, अडत्या व बाजार समिती ह्यांच्यावरच अवलंबून राहावे लागले. अलीकडे काही शेतकरी, महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या हळद पावडर, बेदाणा, गूळ, तांदूळ, घेवडा, स्ट्रॉबेरी ह्यांसारखा माल फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम व यूट्यूब ह्यांच्या साहाय्याने थेट शहरातील गिऱ्हाइकास विकू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि त्यांची पाने उघडून पाहिली असता माल उत्तम, पण त्याची ओळख करून देणारे चित्र निकामी, असे अनेक ठिकाणी दिसून येते. कोठे नावाशेजारी गुलाबाचे फूल असते, कोठे दहा माणसांचा ओळखू न येणारा घोळका असतो, तर कोठे परदेशातील एखाद्या शेताचे उसने छायाचित्र लावलेले असते. ही उणीव भरून काढण्यास खर्च फारसा येत नाही. थोडा विचार व थोडा सराव पुरेसा आहे. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्ते व शेतकरी बंधुभगिनी ह्यांच्यासाठी ह्या विषयाची माहिती येथे क्रमवार दिली आहे.

चित्राचे महत्त्व

बाजारात गिऱ्हाईक माल कसा पारखते हे आपण सर्व जाणतो. हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकतो व आतील रंग पाहतो. बेदाण्याचा खरेदीदार मूठभर बेदाणा हातावर घेऊन दाण्याची फुगवण, रंग व देठ न्याहाळतो आणि दोन दाणे तोंडात टाकतो. गुळाची ढेप फोडून पाहिली जाते. फोनवरून खरेदी करणाऱ्यास ह्यांपैकी काहीही करता येत नाही. त्याच्या हाताचे, जिभेचे व नाकाचे काम एकट्या डोळ्यांवर येऊन पडते, आणि त्या डोळ्यांपुढे असते केवळ आपण लावलेले चित्र. हे चित्र दुकानाची पाटी होय आणि मालाचा नमुनाही होय. पाटी वाचता आली पाहिजे व नमुना खरा असला पाहिजे, ही ह्या संपूर्ण लेखातील दोन मुख्य सूत्रे समजावीत.

चित्राच्या साहाय्याने शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची परंपरा आपल्या भागास नवी नाही. लोखंडी नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली, तेव्हा ते यांत्रिक रेखनाकडे वळले. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांच्या मनात प्रारंभी पुष्कळ शंका होत्या. अशा काळात १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र तेथून सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. वस्तू चांगली असली तरी ती लोकांना नीट दाखवावी व समजावून द्यावी लागते, हा धडा आपल्याच भागातील ह्या उद्योगाने एका शतकापूर्वी घालून दिला आहे.

समाजमाध्यमांचा उपयोगही येथील शेतकऱ्यांनी लवकर केला. सन २०१२ मध्ये हळदीचे भाव उतरले असता सांगली परिसरातील उत्पादकांनी फेसबुकवरून एकमेकांशी संपर्क साधून लिलावापासून दूर राहण्याचा निर्णय केला, व त्याची नोंद त्या वेळी वृत्तपत्रांनी घेतली होती. त्या वेळी ह्या साधनाने शेतकऱ्यांस शेतकऱ्यांशी जोडले. आता त्याच्या द्वारे शेतकऱ्यास गिऱ्हाइकाशी जोडावयाचे आहे. गिऱ्हाईक अनोळखी असते, म्हणून तेथे ओळखीचे महत्त्व अधिक.

दोन चित्रे, दोन कामे

प्रोफाइल फोटो म्हणजे नावाशेजारी दिसणारे लहान, गोल चित्र. आपण कोठेही काही लिहिले, कोणास उत्तर दिले वा संदेश पाठविला, तरी हे चित्र आपल्याबरोबर जाते. त्याचे काम एकच – ओळख पटविणे. कव्हर फोटो म्हणजे आपले पान उघडल्यावर वरच्या बाजूस दिसणारे आडवे, मोठे चित्र. त्याचे काम सांगण्याचे आहे – आम्ही कोण, कोठले, काय पिकवितो व सध्या काय उपलब्ध आहे. प्रोफाइल फोटो हा गुराच्या कानातील बिल्ल्यासारखा असून तो वारंवार बदलू नये. कव्हर फोटो हा शेताच्या बांधासारखा आहे. हंगाम बदलला की त्याचे रूपही बदलावे.

फेसबुकच्या पानावर ही दोन्ही चित्रे असतात. व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ह्यांवर मुख्यतः गोल प्रोफाइल फोटोच उपयोगी पडतो. यूट्यूबवर कव्हरऐवजी वाहिनीच्या माथ्यावर आडवा पट असतो. व्यवसायासाठी असलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप भारतात २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात पत्ता, वेळ व मालाची चित्रसूची ठेवण्याची सोय असल्यामुळे माल विकणाऱ्याने साध्या व्हॉट्सॲपऐवजी ते वापरणे श्रेयस्कर होय.

मापे व त्यांची कारणे

फोनवरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात व चित्राची लांबी-रुंदी त्यांत मोजतात.

प्रोफाइल फोटो चौरस तयार करावा. ६४० × ६४० पिक्सेल हे माप सर्वत्र चालते. परंतु चौरस चित्र गोलात बसविले जाते तेव्हा त्याचे चारही कोपरे कापले जातात व एकूण क्षेत्रापैकी सुमारे २१ टक्के भाग दिसेनासा होतो. म्हणून नाव, चेहरा किंवा माल ह्यांपैकी काहीही कोपऱ्यात ठेवू नये.

कव्हर फोटोच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते, कारण एकच चित्र संगणकावर व फोनवर निरनिराळ्या आकारांत दिसते. फेसबुकचा कव्हर फोटो संगणकावर ८५१ × ३१५, तर फोनवर ६४० × ३६० ह्या मापात दिसतो. म्हणजे संगणकावर तो लांबट व बुटका होतो, आणि फोनवर अरुंद व उंच. त्यामुळे फोनवर डावी-उजवी बाजू कापली जाते, तर संगणकावर वरची-खालची. दोन्ही ठिकाणी चित्र नीट दिसावे म्हणून ते १६४० × ७२० पिक्सेल मापाचे करावे आणि महत्त्वाचा सर्व मजकूर मधल्या १२८० × ६०० पिक्सेलच्या चौकटीत ठेवावा. कडेच्या भागात आकाश, पाने, माती असे जे कापले गेले तरी नुकसान नाही तेच राहू द्यावे. शिवाय गोल प्रोफाइल फोटो कव्हरच्या खालच्या भागावर चढतो. ह्यास्तव अक्षरे नेहमी वरच्या अर्ध्या भागात असावीत.

यूट्यूबचा पट किमान २०४८ × ११५२ पिक्सेलचा लागतो. परंतु सर्व प्रकारच्या उपकरणांवर खात्रीने दिसणारा भाग मध्यभागीचा १२३५ × ३३८ इतकाच असतो. तेथेही हाच नियम लागू पडतो.

ही मापे पाठ करण्याची आवश्यकता नाही. ‘कॅनव्हा’सारख्या विनामूल्य वापरता येणाऱ्या ॲपमध्ये इच्छित माप आकड्यांनी भरता येते. मात्र कोणता भाग कापला जातो हे समजल्यावाचून नुसते माप भरून उपयोग होत नाही.

प्रोफाइल फोटोत काय असावे?

फोनवरील यादीत हा फोटो अंगठ्याच्या नखाएवढाच दिसतो. तेवढ्या जागेत एकच गोष्ट ओळखू येते. म्हणून पुढील तीनपैकी एकच प्रकार निवडावा :

१. व्यक्तीचा चेहरा : एकटा शेतकरी आपल्या नावाने माल विकत असेल तर स्वतःचा हसतमुख, स्वच्छ उजेडातील चेहरा सर्वांत उत्तम. चेहरा व खांदे एवढेच घ्यावेत. टोपी, फेटा वा पदर रोजचा असावा. काळा चष्मा नसावा. ज्याच्याकडून खायची वस्तू घ्यावयाची त्याचा चेहरा पाहावयास गिऱ्हाइकास आवडते.

२. माल : गटाचे वा कुटुंबाचे सामाईक पान असल्यास मुख्य मालाचे जवळून घेतलेले चित्र वापरावे. मोडलेले एक हळकुंड, ज्यात आतील केशरी-पिवळा गाभा दिसतो, हे हळदीच्या पोत्यांच्या थप्पीपेक्षा कितीतरी बोलके असते. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या अंगावरील पट्टे हीच त्याची ओळख आहे. ओंजळीतील दाणे जवळून घेतल्यास ते पट्टे स्पष्ट दिसतात. स्ट्रॉबेरीचे एकच फळ हिरव्या देठासह घ्यावे.

३. बोधचिन्ह : उत्पादक कंपनीने साधे बोधचिन्ह वापरावे. त्यात फार तर दोन रंग व एक आकृती असावी. बैल, सूर्य, डोंगर, ट्रॅक्टर, कणीस व हस्तांदोलन हे सर्व एकाच वर्तुळात कोंबल्यास काहीच ओळखू येत नाही.

एकदा ठरविलेला प्रोफाइल फोटो फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ह्या सर्व ठिकाणी तोच ठेवावा व निदान वर्षभर बदलू नये. सणवाराच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, निवडणुकीचे चिन्ह ह्यांसाठी व्यवसायाच्या पानावरील ओळखचित्र बदलणे इष्ट नव्हे. गिऱ्हाईक नाव विसरते, पण चित्र लक्षात ठेवते. ते चित्रच नाहीसे झाले तर तोडलेला धागा पुन्हा जोडता येत नाही.

कव्हर फोटोत काय असावे?

कव्हर फोटोने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : माल कोणता, गाव कोणते, आणि आज काय मिळेल. त्यासाठी एक चांगले छायाचित्र व दोन ओळींचा मजकूर पुरेसा आहे. उदाहरणार्थ, समजा मिरज तालुक्यातील एक बचत गट हळद पावडर तयार करतो. त्याच्या कव्हरवर उन्हात वाळत घातलेली हळद, ती परतणाऱ्या भगिनी, व वरच्या मोकळ्या आकाशात ‘आमच्या शेतातील हळद, आमच्याच गिरणीवर दळलेली’ एवढीच ओळ व खाली गाव-तालुका असल्यास सांगावयाचे राहिले असे काहीच उरत नाही. दरपत्रक, सर्व सभासदांची नावे, पुढाऱ्यांची छायाचित्रे व पाच दूरध्वनी क्रमांक ह्यांची तेथे गर्दी करू नये.

कव्हर हंगामाप्रमाणे बदलावे, असे वर म्हटले आहे. आपल्या दोन जिल्ह्यांपुरते वेळापत्रक सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे ठेवता येईल :

जून ते ऑगस्ट – जावळी व पाटण भागातील भातलावणी. वाळवा, मिरज भागात हळदीची कोवळी पाने. ह्या काळात माल कमी असतो, तेव्हा शेतीची कामे दाखवावीत. गिऱ्हाइकास माल कोठून येतो हे पाहावयास मिळते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर – वाघ्या घेवड्याची काढणी व मळणी. महाबळेश्वर भागात स्ट्रॉबेरीची लागण. दिवाळीपूर्वी बेदाणा व गूळ ह्यांची मागणी.

डिसेंबर ते फेब्रुवारी – स्ट्रॉबेरीची तोडणी. कराड, वाळवा भागातील गुऱ्हाळे. तासगाव भागातील द्राक्षांचे घड.

मार्च ते मे – बेदाणा शेडमधील जाळ्यांवर सुकणारी द्राक्षे. हळदीची शिजवणी, वाळवणी व पॉलिश.

अशा रीतीने वर्षातून चार कव्हरे केली तरी पान जिवंत वाटते. जानेवारीत संपलेल्या मालाचे कव्हर जुलैपर्यंत तसेच राहिल्यास दुकान बंद पडले की काय, अशी शंका येते.

ज्या मालामागे मोठा इतिहास आहे त्याने तो अवश्य दाखवावा. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत साठविण्याची रीत प्रसिद्ध आहे. २००५ च्या महापुरात त्या पेवांचे मोठे नुकसान झाले. पेवाच्या तोंडाचे एखादे चांगले छायाचित्र हे शहरातील गिऱ्हाइकास न पाहिलेले व न विसरण्यासारखे असेल. मात्र आपली हळद पेवात ठेवलेली नसेल तर ‘पेवातील हळद’ असे त्यावर लिहू नये.

छायाचित्र कसे घ्यावे?

चांगला कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. साध्या फोनने पुढील काळजी घेतल्यास उत्तम छायाचित्र येते.

पहिली गोष्ट, भिंग पुसावे. हळद, गूळ व तेल लागलेल्या हातांनी फोन वापरला जातो व त्याचा थर भिंगावर बसतो. मऊ सुती कापडाने ते पुसल्यास चित्रातील धुरकटपणा बहुधा नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट, उजेड. सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास किंवा सूर्यास्तापूर्वीचे दोन तास उत्तम. भर दुपारच्या उन्हात पांढरेपणा येतो व चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. घरातील ट्यूबच्या प्रकाशात हळद हिरवट व मळकट दिसण्याचा संभव असतो. लहान माल घराच्या दारात किंवा भिंतीच्या सावलीत, बाहेरच्या मोकळ्या उजेडात ठेवून घ्यावा.

तिसरी गोष्ट, परावर्तित रंग. बेदाणा शेडवर हिरवी जाळी असते. तिच्यातून येणाऱ्या प्रकाशामुळे आतील बेदाणा आहे त्याहून हिरवा दिसतो. निळ्या ताडपत्रीखाली प्रत्येक वस्तू निळसर होते. म्हणून नमुन्याचे ताट बाहेर आणावे. खाली पांढरे कापड वा कागद घ्यावा, म्हणजे मालाचा खरा रंग उठून दिसतो.

चौथी गोष्ट, आकारमान. दाणा किती मोठा हे चित्रावरून समजत नाही. त्याच्याजवळ तळहात, वाटी किंवा मोजपट्टी ठेवावी. माल एका थरात पसरावा. ढीग केल्यास खालचा माल लपविला आहे असा संशय येतो.

पाचवी गोष्ट, जवळ जावे. बोटांनी चित्र मोठे करून घेतल्यास ते फाटते. त्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे जावे. फोनच्या मागील बाजूचा कॅमेरा वापरावा. कव्हरसाठी फोन आडवा धरावा, व मजकुराकरिता वर आकाशाची किंवा भिंतीची मोकळी जागा राखावी. एकाच दृश्याची निदान दहा छायाचित्रे घेऊन त्यांतील एक निवडावे.

घेतलेले छायाचित्र दुसऱ्याकडे व्हॉट्सॲपने पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास त्याचे ठिपके कमी होऊन ते अंधुक होते.

अक्षरांविषयी

देवनागरी अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार व खाली उकार असतात. त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजी मजकुराहून अधिक अंतर ठेवावे लागते. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरे ठळक व साधी असावीत. ‘मुक्ता’, ‘बालू’ ह्यांसारखे युनिकोड टंक विनामूल्य मिळतात व लहान आकारातही वाचता येतात. एका चित्रात एकच टंक व फार तर दोन आकार वापरावेत. अक्षरे आडवी ताणू नयेत.

रंगांची निवड पार्श्वभूमीवरून करावी. पिवळ्या हळदीवर पांढरी अक्षरे व हिरव्या पानांवर लाल अक्षरे वाचता येत नाहीत. गडद भागावर पांढरी, फिक्या भागावर काळी वा गडद हिरवी अक्षरे घ्यावीत. चित्र तयार झाल्यावर फोन हातभर अंतरावर धरून, ज्यास मजकूर ठाऊक नाही अशा शेजाऱ्याकडून तो वाचून घ्यावा. त्यास अडखळावे लागले तर अक्षरे लहान आहेत किंवा शब्द जास्त आहेत असे समजावे. शुद्धलेखन दोघांकडून तपासावे. ‘उत्कृष्ट’ हाच शब्द चुकीचा छापलेला असेल तर मालावर विश्वास कसा बसावा?

खरेपणा : सर्वांत महत्त्वाची बाब

आजच्या फोनमध्ये एका बोटाने रंग भडक करता येतो, व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नसलेले शेतही तयार करता येते. येथेच मोह आवरला पाहिजे. समजा, एका उत्पादकाने पिवळसर बेदाणा चित्रात हिरवागार करून दाखविला. पहिले गिऱ्हाईक दोन किलो मागवील. पाकीट उघडताच त्यास फरक दिसेल. ते पुन्हा मागविणार नाही, आणि चार जणांना सांगेल. त्या चौघांच्या मनात केवळ त्या उत्पादकाविषयी नव्हे, तर सांगलीच्या बेदाण्याविषयीच किंतु निर्माण होईल. एकाच्या चित्राची शिक्षा शेजारच्या प्रामाणिक शेतकऱ्यास भोगावी लागते, हे ध्यानात ठेवावे. नैसर्गिक रीतीने केलेला गूळ गडद तपकिरी असतो. तो तसाच दाखवावा व त्याचे कारण लिहावे. जे वैगुण्य वाटते तेच जाणत्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने गुण ठरते.

चित्रातील उजेड थोडा कमी-जास्त करणे, कडा कापणे, तिरपे चित्र सरळ करणे ह्यांस हरकत नाही. मालाचा रंग, आकार वा प्रमाण बदलणे ही मात्र फसवणूक होय.

त्याचप्रमाणे पुढील बाबतींत कायद्याचे बंधन आहे :

(अ) भौगोलिक मानांकन : महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये, सांगलीचा बेदाणा व कोरेगावचा वाघ्या घेवडा ह्यांस २०१६ मध्ये, आणि सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये हे मानांकन मिळाले. परंतु त्या भागात शेत आहे एवढ्यावरून मानांकनाचे चिन्ह वापरता येत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते. ती केल्यावर मात्र चिन्ह कव्हरवर अभिमानाने लावावे; दुसऱ्या प्रदेशातील माल आपल्या नावाने खपविणाऱ्यांस तेच उत्तम उत्तर होय.

(आ) ‘सेंद्रिय’ हा शब्द : खाद्यपदार्थांसाठी तो प्रमाणपत्राच्या आधारेच वापरावा. ॲगमार्कचे चिन्हही परवानगीवाचून लावता येत नाही.

(इ) राजमुद्रा : अशोकस्तंभाची मुद्रा खाजगी व्यवसायाच्या चित्रात वापरण्यास २००५ च्या कायद्याने मनाई आहे.

(ई) दुसऱ्याचे छायाचित्र : आंतरजालावर सापडलेले चित्र हे बेवारस नसते. १९५७ च्या कायद्यान्वये त्याचा हक्क ते घेणाऱ्याकडे असतो.

(उ) माणसांची संमती : मजूर, भगिनी व विशेषतः लहान मुले ह्यांची छायाचित्रे त्यांच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय लावू नयेत.

सुरक्षितता

फेसबुकवरील चालू प्रोफाइल फोटो व कव्हर फोटो कोणासही दिसतो. म्हणून सातबारा उतारा, आधार पत्र, बँक पुस्तक किंवा पैसे घेण्याचा क्यूआर कोड कव्हरवर कधीही लावू नये. काही भामटे दुसऱ्याचा प्रोफाइल फोटो उतरवून घेऊन त्याच नावाचे खोटे पान काढतात व ओळखीच्या लोकांकडे पैसे मागतात. असे आढळल्यास त्या पानाविषयी फेसबुककडे तक्रार नोंदवावी, आपल्या गिऱ्हाइकांस तत्काळ कळवावे, व पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० ह्या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे. पैसे कोणत्या क्रमांकावर स्वीकारले जातात हे नव्या गिऱ्हाइकास पहिल्याच बोलण्यात सांगण्याची सवय ठेवल्यास पुढील घोटाळे टळतात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर समजतो. शाळेच्या फळ्यावर अर्ध्या दिवसात पुढील कार्यक्रम घेता येईल :

१. फळ्यावर ८२ × ३६ सेंटिमीटरचा आडवा आयत काढावा. डाव्या व उजव्या बाजूस प्रत्येकी ९ सेंटिमीटर सोडून उभ्या रेघा माराव्यात. फोनवर ह्यांच्या आतील भाग दिसतो. वर व खाली प्रत्येकी ३ सेंटिमीटर सोडून आडव्या रेघा माराव्यात. संगणकावर ह्यांच्या आतील भाग दिसतो. मधोमध उरलेली चौकट ही मजकुराची जागा, असे दाखवावे.

२. एका चौकोनी कागदावर शेतकऱ्यास आपले चिन्ह काढावयास सांगावे. त्यावर ताटली पालथी ठेवून वर्तुळ काढावे व बाहेरचे कोपरे कापून टाकावेत. काय राहिले व काय गेले हे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

३. एकाच ताटातील हळकुंडांचे तीन ठिकाणी छायाचित्र घ्यावे – ट्यूबखाली, भर उन्हात व भिंतीच्या सावलीत. तिन्ही चित्रे ताटाशेजारी ठेवून कोणते खरे दिसते हे शेतकऱ्यांनीच ठरवावे.

४. प्रत्येक गटाकडून एक प्रोफाइल फोटो व एक कव्हर फोटो तेथेच तयार करून घ्यावा, दुसऱ्या गटाच्या फोनवर पाहावा, व दुरुस्ती करूनच लावावा. ज्या कुटुंबात शिकलेली मुलगी वा मुलगा आहे त्यास ह्या कामात अवश्य सहभागी करावे. परंतु काय लिहावयाचे हे पिकविणाऱ्याने ठरवावे.

समारोप

चांगल्या चित्राने वाईट माल फार तर एकदा खपेल. चांगला माल मात्र वाईट चित्रामुळे कायमचा नजरेआड राहू शकतो. वर्षभर राबून पिकविलेल्या मालास चार वेळा, प्रत्येकी अर्धा दिवस, एवढा वेळ त्याच्या ओळखीसाठी देणे परवडण्यासारखे आहे. येत्या हंगामाचा माल घरात येण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र कोठे, केव्हा व कोणी घ्यावयाचे हे ठरवून ठेवावे. चित्रात जे दिसले तेच पाकिटात निघाले असा अनुभव गिऱ्हाइकास दोनदा आला, म्हणजे तिसऱ्या वेळी ते भाव विचारण्यापूर्वी माल केव्हा येणार हे विचारू लागेल.